नुसतं 'हो' म्हणायला शिकवा

आमचा वर्ग सुटला की खोलीत हटकून काहीतरी मागे राहतं. कुणाची छत्री, कुणाचा चष्मा, कुणाचा रिकामा डबा. दुसऱ्या दिवशी ज्याची वस्तू तो घेऊन जातो. किस्से मात्र परत न्यायला कुणी येत नाही, ते माझ्याकडेच साठत जातात. आता इतके झालेत की मित्र भेटले की म्हणतात, "सर, काढा एखादा!" आणि मी हसायचा म्हणून काढलेला किस्सा मधेच कुठेतरी ओला निघतो. हा दोष किश्शाचा की सांगणाऱ्याचा, हे मला ठरवता आलेलं नाही. तशा मला बहुतेक गोष्टी ठरवता येत नाहीत.

वर्ग म्हणजे सांगलीतल्या एका वाचनालयाची वरच्या मजल्यावरची खोली. मी साताऱ्याच्या कॉलेजात सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली. डॉक्टरेटही केली. विषय काय, तर जुन्या इंग्रजी नाटकांतली संमतीची भाषा! म्हणजे माणसं एकमेकांना 'हो' कसं म्हणतात. निवृत्तीनंतर आम्ही दोघं सांगलीला आलो. मग बायको गेली आणि घर खायला उठलं. तेव्हा वाचनालयाच्या चिटणीसांनी सुचवलं, "मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवा की, सर." मला जमेल का, लोक येतील का, आले तर टिकतील का, असा भरपूर विचार करून मी हो म्हणालो.

लोक आले. टिकलेही. का टिकले, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही. भीती वाटते.

*

पहिला धडा होकाराचाच घेतला. तेवढाच विषय मला खात्रीनं येतो, असं मला वाटायचं.

फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे फॉर्मल शब्द लिहिले, 'सर्टनली', 'बाय ऑल मीन्स', 'आय एन्टायरली अग्री'. उजवीकडे इन्फॉर्मल, 'शुअर', 'या', 'यू बेट'. मग कुणाशी बोलताना कुठला वापरावा, यावर मी बराच वेळ बोललो.  

पहिल्या बाकावर सुभेदार जाधव बसतात. मूळचे उंब्रजजवळच्या खेड्यातले, फौजेतून निवृत्त होऊन मुलीजवळ सांगलीत राहिलेले. पाठ अजून ताठ. ते म्हणाले, "समजलं, सर! डावीकडचं परेड ग्राउंडवरचं, उजवीकडचं बराकीतलं."

मिरजेच्या एका हॉस्पिटलात नर्स असलेली स्नेहल म्हणाली, "डावीकडचं राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांसमोरचं, उजवीकडचं ड्यूटी रूममधलं."

मागच्या बाकावरून हळदीचे अडते अण्णा मगदूम म्हणाले, "आवं, डावीकडचं सोयऱ्यात बोलायचं, उजवीकडचं घरात."

मी म्हणालो, "तिघांचंही बरोबर." सगळे खूश झाले.

अण्णा मात्र फळ्याकडे बघतच राहिले. "सर, आन एकादं माणूस सोयरं बी हाय आन घरातलं बी हाय, तर त्याला कुठलं वापरायचं?"

माझ्या प्रबंधात याचं उत्तर नव्हतं!

*

अण्णांची गोष्ट आधीच सांगायला हवी होती. बाकीचे लोक वर्गाला आले ते नोकरीसाठी, नातवंडांसाठी, नाहीतर वेळ जावा म्हणून. अण्णा पहिल्या दिवशी जिन्यातच माझ्यासमोर उभे राहिले. पांढरं धोतर, काळी टोपी, चपला हातात.

"सर, मला नुसतं 'हो' म्हणायला शिकवा. 'न्हाई' म्हणायला येतंय मला. त्यानंच घोटाळा झालाय."

घोटाळा असा झाला होता. अण्णांचा एकुलता एक मुलगा सन्मती कॅनडात होता. तिथल्याच रूथ नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं होतं, त्यांना तारा नावाची मुलगी झाली होती. काही वर्षांपूर्वी तिकडे रस्त्यावरच्या बर्फावरून सन्मतीची गाडी घसरली. तो गेला. रूथनं तिथं राहून पोरीला वाढवलं, आणि दर रविवारी न चुकता अण्णांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आक्कांना, व्हिडिओ कॉल केला. रविवार तिनं एकदाही चुकवला नाही. रक्ताची पोरं चुकवतात.

मग एका रविवारी रूथनं सांगितलं की मार्टिन नावाच्या माणसानं तिला लग्नाचं विचारलंय. तुम्ही दोघं मनापासून हो म्हणालात तरच मी करीन, नाहीतर नाही.

अण्णा आपल्याकडच्या रीतीनं लगबगीनं म्हणाले, "नो, नो, नो! व्हाय आस्क अस? नो, नो!"

त्यांना म्हणायचं होतं, अगं नाही नाही, आम्हाला कशाला विचारतेस, तुझं आयुष्य आहे. कुणी मान दिला की आपण पहिल्यांदा तो परतच करतो. रूथला ते काय ठाऊक? तिचा चेहरा पडला. "आय अंडरस्टँड," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. मार्टिनला नकार द्यायचं ठरवल्याचा निरोपही तिनं पाठवला.

अण्णांनी भाच्याकडून लिहून घेऊन मेसेज केला की आमचा विरोध नाही. तिला वाटलं, म्हातारी माणसं आपल्यासाठी मन मारतायत. शेवटी कसंबसं ठरलं की महावीर जयंतीच्या आधीच्या रविवारी एकदा नीट बोलायचं. मार्टिनही कॉलवर असेल.

मी म्हणालो, "अण्णा, भाच्यालाच बोलू द्या ना. तो इंजिनिअर आहे."

"न्हाई, सर. दुसऱ्याच्या तोंडानं 'हो' म्हनायचं नसतंय. यार्डात माझ्या निस्त्या मानेवर सौदा होतोय. हितं मानेनं भागंना, म्हणून आलोय."

*

अण्णांवरून मला सुचलं की वर्गाला आधी लगेच हो म्हणायची सवय लावावी. म्हणून खालच्या टपरीवरून चहा मागवला. नियम असा केला की मी विचारणार, 'वुड यू लाइक सम टी?' आणि प्रत्येकानं 'येस, प्लीज' म्हणून कप उचलायचा.

सुभेदारांना विचारलं. "नको, नको, सर. तुम्ही घ्या."

"सुभेदार, 'येस, प्लीज' म्हणायचंय."

"व्हय, पर आधी तुमी घ्या की!"

स्नेहल म्हणाली, "सर, मी आत्ताच घेतला." तिची ड्यूटी सुटून ती सरळ वर्गावर आली होती. तिनं कुठे घेतला असणार?

अण्णांनी तर दोन्ही हात आडवे धरले. "न्हाई, न्हाई, न्हाई! कशाला उगं?"

चहा गार झाला. शेवटी मी वैतागून मराठीत म्हणालो, "घ्या हो आता!" तेव्हा सगळ्यांनी कप उचलले आणि गारच चहा प्याले.

"आवं, पहिल्या झटक्यात हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतंय," सुभेदार म्हणाले.

अण्णा कपाच्या तळाकडे बघत होते. ते म्हणाले, "आन न्हाई म्हटलं की समोरचं उठून जातंय."

*

स्नेहलला परदेशात नर्सची नोकरी हवी होती. इंटरव्ह्यूसाठी मोबाईलवरचे व्हिडिओ बघून तिनं एक शब्द उचलला होता, 'अ‍ॅब्सोल्यूटली'. पंखा लावू का? "अ‍ॅब्सोल्यूटली!" उद्या सुट्टी घेऊ या का? "अ‍ॅब्सोल्यूटली!" सुभेदार तिला नावानं हाक मारायचे सोडून "काय अ‍ॅब्सोल्यूटली, आली का गाडी मिरजेची?" असंच विचारायचे.

एक दिवस ती उशिरा आली आणि कोपऱ्यात बसली. तिच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते. मुलगा परदेशात, विमान मिळत नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर त्याला सगळं समजावलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. फोन स्नेहलच्या हातात राहिला. तो मुलगा इंग्रजीत म्हणाला, म्हणजे आता करण्यासारखं काहीच उरलेलं नाही, असंच ना, सिस्टर?

"आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सर. अ‍ॅब्सोल्यूटली."

 मग तो 'थँक यू, सिस्टर' म्हणाला.

"सर, शब्द चुकला का माझा?"

मी खूप विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं. पण इंग्रजीच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. म्हणालो, "शब्द बरोबर होता, बाळ."

"तेच म्हणतेय मी. चुकला असता तर बरं झालं असतं!"

*

सुभेदारांचं वेगळंच. त्यांना उजवीकडचा एकही शब्द यायचा नाही. काहीही विचारा, "येस, सर!" हेच उत्तर. नातू म्हणाला, "आजोबा, खेळू या?" तरी "येस, सर!" वर्गात आम्ही सगळे यावर हसायचो. तेही हसायचे.

एकदा मी त्यांना जरा दटावलं. "सुभेदार, घरात तरी इन्फॉर्मल बोला. घरात कोण साहेब आहे?"

ते सांगू लागले. त्यांच्या मिसेसना हल्ली काही आठवत नाही. मुलगी आठवत नाही, उंब्रजकडचं घर आठवत नाही. लग्न झाल्यावर त्या काही वर्षं छावणीत राहिल्या होत्या. तिथं सुभेदार साहेब लोकांपुढे टाचा जुळवून 'येस, सर' म्हणायचे, त्याची त्या घरी नक्कल करायच्या आणि पोट धरून हसायच्या. तेवढंच आता त्यांच्यात शिल्लक आहे.

"मी इचारतो, जेवणार का गं? म्हणती, येस, सर. बाहेर बसायचं का? येस, सर. मला वाटलं, चेष्टा करतीया पयल्यासारखी. लय बरं वाटलं. मग एक दिवस मी खोलीत गेलो तर उठून उभी राहिली, पदर सारखा केला. म्हणाली, आमचे हे ड्यूटीवर गेलेत, तुमी बसा, साहेब."



सुभेदार फळ्याकडे बोट करून म्हणाले, "सर, तिला उजवीकडचा एखादा शिकवता येईल का?"

*

विक्रांत हा माझा साताऱ्याचा जुना विद्यार्थी. शिरवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्यानं मला एकदा त्यांच्या माणसांसमोर बोलायला बोलावलं. परदेशी साहेबांचे मेसेज येतात, आमची पोरं नुसता अंगठा दाखवतात, जरा शिकवा, म्हणाला.

मी तयारी करून गेलो. वरिष्ठांच्या मेसेजला नुसतं 'ओके' म्हणणं तुटक वाटतं, म्हणून 'नोटेड, विथ थँक्स' म्हणावं, असं मी सांगितलं. पोरांनी माझ्यामागून तीनचारदा म्हटलं. निघताना मला शाल आणि नारळ दिला. मी वाटभर विचार करत होतो की 'नोटेड' हे खरोखर संमतीदर्शक आहे का. म्हटलं तर ती नुसती पोच आहे. शिकवायला नको होतं का?

पुढे काही महिन्यांनी विक्रांत मला साताऱ्याच्या स्टँडवर भेटला. हातात बॅग. मी विचारलं, "काय म्हणतायत तुमची पोरं? वापरतात का?"

"वापरतात की, सर! परवा ग्रुपवर मेसेज आला, येत्या सोमवारपासून तिसरी पाळी बंद. तिसऱ्या पाळीच्या कुणी कामावर येऊ नये. खाली लगेच धडाधड उत्तरं. नोटेड, विथ थँक्स. नोटेड, विथ थँक्स. सगळ्यांची! एकाचंसुद्धा स्पेलिंग चुकलं नाही, सर."

 "आणि तू? तू कुठल्या पाळीला होतास?"

तो हसला. बॅग खांद्यावर टाकली. "मीच पयल्यांदा टाकलं होतं ते 'नोटेड', सर. बाकीच्यांनी माझं बघून टाकलं."

*

आता जरा माझं. माझा मुलगा बंगळुरूला असतो. हुशार आहे, कामात असतो. त्याला मी मेसेज लिहायचा तर आधी मनात दहा वेळा वाचून बघतो, शब्द कमीजास्त करतो, मग पाठवतो. त्याचं उत्तर एका अक्षराचं येतं, 'के'.

मी हा प्रश्न वर्गात भाषेचा म्हणून मांडला. "हा होकार फॉर्मल की इन्फॉर्मल?"

"सर, के म्हणजे ओके. वेळ नसला की तसं लिहितात," स्नेहल म्हणाली.

"टायपिंग करताना बोटाला लागलं असंल," सुभेदार म्हणाले. मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाले असणार.

"म्हणजे अर्धा होकार," अण्णा म्हणाले. "काय इचारलं होतं तुमी, सर?"

मी काही विचारलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं की तुझ्या कामाच्या गडबडीत यंदा आईच्या वर्षश्राद्धाला आला नाहीस तरी चालेल.

अण्णा जवळ येऊन बसले.  मग म्हणाले, "सर, तुमी बी आमच्यासारखंच न्हाई म्हणालायसा की वो."

*

रविवार जवळ आला तशी अण्णांची तालीम सुरू झाली. रूथचं काम सुभेदारांना दिलं. ते खुर्चीवर ताठ बसले आणि परेडच्या आवाजात ओरडले, "अण्णा! डू यू अग्री?"

"असं इचारल्यावर कुनाचा बाप न्हाई म्हणंल!" अण्णा म्हणाले. सगळे हसले.

मग आम्ही एकेक शब्द घासून बघितला. 'आय हॅव नो ऑब्जेक्शन.' अण्णा म्हणाले, "हे ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर असतंय." 'बाय ऑल मीन्स.' 'खुशाल कर' असा अर्थ मी सांगितल्यावर स्नेहल म्हणाली, "सर, हे जा बाई एकदाची, असं वाटतंय." 'शुअर.' अण्णांनी दोनदा म्हणून बघितलं आणि मान हलवली. "दुकानात गिऱ्हाइकाला साखर बांधून दिल्यासारखं झालं की!" 'वी वुड बी डिलाइटेड.' यावर ते एकदम गंभीर झाले.

"म्हणजे आनंद?"

"हो. खूप आनंद."

"सर, लय आनंदानं म्हटलं तर तिला वाटंल, आपल्या पोराला इसरली ही माणसं. कमी म्हटलं तर वाटंल, मन न्हाई ह्यांचं. ह्यातली कुठलीच चूक हुनार न्हाई असा एकच शब्द पायजे मला. तुमी एवढं शिकलायसा. नसतोय का असा एक?"

मी त्या दिवशी घरी जाऊन माझा प्रबंध काढला. चाळीस वर्षं कुणी उघडला नव्हता, मीही नाही. पानापानांवर माणसं एकमेकांना हो म्हणत होती. राजाला, मालकाला, प्रेयसीला, न्यायाधीशाला. मेलेल्या मुलाच्या बायकोला कुणीच हो म्हणत नव्हतं.

शेवटी आम्ही एक साधं वाक्य ठरवलं, 'रूथ, वी बोथ अग्री, विथ ऑल अवर हार्ट.' 'हार्ट' की 'हार्ट्स', यावर माझे दोन दिवस गेले. अण्णांनी वाक्य पाठ केलं. यार्डात, घरी, गाडीवर, सतत त्यांचे ओठ हलत असायचे.

*

त्या रविवारी अण्णांनी मला घरी बोलावलं. म्हणाले, "शेजारी बसा निस्तं. शब्द अडला तर आधार."

मी गेलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. घरात सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, तशी उरकली होती. आक्कांनी मला पाणी दिलं, पण त्या बाहेर थांबल्या नाहीत. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "ती येनार न्हाई फोनवर. म्हणती, तुमी हो म्हणा, माझं काय बी म्हननं न्हाई. पर त्या माणसाचं तोंड मला बघवनार न्हाई. सन्मतीच्या खुर्चीत बसलेलं."

मी म्हणालो, "मग 'वी बोथ' कसं म्हणायचं?"

"तेच की," अण्णा म्हणाले. "खोटं बोलायला लागतंय आता इंग्रजीत."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. धुतलेलीच भांडी परत धुतल्यासारखा.

फोन वाजला. अण्णांनी तो पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. रूथ दिसली. थकलेली, डोळ्यांखाली काळं. तिच्या मांडीवर तारा, आणि बाजूला एक उंच, टक्कल पडायला लागलेला माणूस, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला. त्यानं हात जोडले. "नमस्कार," म्हणाला. बहुतेक रूथनं शिकवलं असावं.

तारा ओरडली, "आजोबा, आजी कुठंय?"

"काम करतीया, बाळ," अण्णा म्हणाले.

रूथनं स्वयंपाकघराच्या दिशेनं बघितलं, जणू तिला तिथून दार दिसत होतं. मग ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. मी हे फक्त तुम्हा दोघांना मान्य असेल तरच करणार आहे. नसेल तरी मी दर रविवारी फोन करीन. तारा तुमचीच आहे. पण मला खरं सांगा.

अण्णांनी घसा साफ केला. टोपी सारखी केली. "रूथ," ते म्हणाले. "वी..."

आणि थांबले.

मी हळूच पुढचा शब्द सांगितला. त्यांनी ऐकला नाही. ते रूथकडे बघतच नव्हते. त्या माणसाकडे बघत होते. तोही नजर न हलवता अण्णांकडे बघत होता. भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

अण्णा पुढे वाकले. "मिस्टर मार्टिन," ते म्हणाले. "यू ड्राइव्ह स्लो?"

माझ्या ओठावर दुरुस्ती आली होती. मी ती गिळली.

रूथनं तोंडावर हात घेतला. मार्टिननं तिच्याकडे बघितलं, मग परत अण्णांकडे. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काहीतरी कमीपणाचं कबूल करावं तसा तो म्हणाला, "सर, आय डोन्ट ड्राइव्ह. आय नेव्हर लर्न्ड. आय टेक द बस."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "त्यांना गाडी चालवता येत नाही. शिकलेच नाहीत. बसनं जातात."

 अण्णांनी मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का गं? एस्टीनं जातंय म्हणं हे."



मग दाराचा पडदा हलला. आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी उठलो आणि माझी खुर्ची त्यांना दिली. त्या बसल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, फोनकडे वाकून त्या माणसाला नीट बघितलं. मग अण्णांना म्हणाल्या,

"बस टायमावर येती का तिकडं? इचारा की त्यास्नी."